येळवशीच्या ताटातली गूळ-माखली रताळी, गाजरं आणि भोपळा

गूळ शेवटी घालायचा. या पदार्थात जे बिघडतं त्यातलं निम्मं गूळ आधी घातल्यामुळे बिघडतं, म्हणून हे पहिल्याच ओळीत सांगून टाकलेलं बरं.

पदार्थ तसा सोपा आहे. रताळी, गाजर आणि लाल भोपळा तुपावर खमंग भाजायचे, आणि अगदी शेवटी त्यांच्यावर गूळ, मोसंबीचा रस आणि चिंच यांची पातळ झिलई चढवायची. ही पोटभरीची भाजी नाही. ताटात लोणच्याच्या शेजारी दोन-चार फोडी वाढायचं गोड-आंबट तोंडीलावणं आहे. लातूर-धाराशिवकडे येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात जे जेवण होतं त्यात हे फार छान बसतं. भज्जी (पालेभाज्या आणि ओल्या दाण्यांची मिसळ भाजी) आंबट-तिखट, आंबील आंबट, बाजरीचे उंडे (उकडलेले गोळे) कोरडे, आणि गोड म्हणावं तर एकटी गव्हाची खीर. मधे एक गोड-खारट घास हवासा वाटतो. मार्गशीर्षातल्या अमावास्येला, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, तिन्ही भाज्या बाजारात असतात, गुऱ्हाळं चालू असतात आणि नवा गूळ आलेला असतो. येसराच्या (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाच्या) आमटीच्या जेवणातही ही चालते. पुरणपोळीच्या दिवशी मात्र नको. केलीच तर गूळ निम्मा करा आणि चिंच दीडपट, नाहीतर गोडावर गोड होऊन कोणी दुसऱ्यांदा घेत नाही.

आठ जणांसाठी: रताळी ५०० ग्रॅम, गाजरं ४०० ग्रॅम, लाल भोपळा ४०० ग्रॅम. सोलून-चिरून सव्वा किलोच्या आतच भरतं आणि भाजल्यावर पाणी उडून पाऊण किलोच्या आसपास उरतं, म्हणजे प्रत्येकी नव्वदेक ग्रॅम. साजूक तूप ३ मोठे चमचे (मोठा म्हणजे १५ मिलिलीटरचा), मीठ १ छोटा चमचा, ताजी कुटलेली मिरी पाव छोटा चमचा. झिलईसाठी गूळ ८० ग्रॅम, पाणी ३ मोठे चमचे, मोसंबीचा ताजा रस २ मोठे चमचे, चिंचेचा घट्ट कोळ २ छोटे चमचे, सुंठ पाव चमचा, तूप १ छोटा चमचा, मिठाची चिमूट. वरून भाजलेले तीळ १ मोठा चमचा. काळ्या मसाल्याची चिमूट घातली तर चव एकदम आपल्या गावची होते, पण चिमूटच. अर्धा चमचा पडला की पदार्थ गोड आमटीसारखा लागतो.

गूळ आधी का नाही, हे एकदा समजून घेतलं की बाकीची कृती पाठ करावी लागत नाही. गुळात साखरेबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतात, आणि फ्रुक्टोज साध्या साखरेपेक्षा बऱ्याच कमी उष्णतेला करपतं. दोनशे अंशांच्या ओव्हनमध्ये गुळात माखलेली गाजरं ठेवली तर गाजर शिजायच्या आधी गूळ काळा आणि कडू होतो. दुसरं कारण वरणासारखंच. चिंच-गूळ डाळ शिजल्यावर घालतात, कारण आधी घातला तर डाळ टणक राहते. आंबटपणा, साखर आणि गुळातलं कॅल्शियम मिळून भाजीच्या पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन विरघळू देत नाहीत. गाजराचंही तेच होतं, बाहेरून काळं आणि आतून कचकचीत. शिवाय गोड लागलं की भाजीचं पाणी सुटतं. ओल्या भाजीला भाजल्याचा रंग येत नाही, ती नुसती उकडते.

आता एकेका भाजीकडे.

रताळी पांढऱ्या गराची, लालसर सालीची घ्या. मध्यम, साधारण १५० ते २०० ग्रॅमचं एक. फार जाड रताळ्यात दोरे निघतात. सालीवर बारीक भोकं आणि आत काळे-तपकिरी बोगदे असतील तर ते भुंग्यानं पोखरलेलं आहे, ते अख्खंच टाकून द्या. किडीला तोंड देताना रताळं स्वतः कडू, अपायकारक द्रव्यं तयार करतं आणि ती डागाच्या बाहेरही पसरलेली असतात. तेवढा भाग कापून भागत नाही, शिजवूनही तो कडूपणा जात नाही. आणि रताळी फ्रिजमध्ये ठेवू नका. दहा-बारा अंशांच्या खाली राहिलेल्या रताळ्याचा गाभा शिजवल्यावरही कडक राहतो. कितीही भाजलं तरी मधे गाठ लागते आणि माणूस दोष ओव्हनला देतो. टोपलीत, हवेशीर, कोरडी ठेवावीत.

रताळ्याची खरी गोडी आचेवर अवलंबून असते. त्यात पिष्टाची साखर करणारं एक विकर (एन्झाइम) असतं आणि ते साधारण साठ ते पंचाहत्तर अंशांच्या दरम्यान जोरात काम करतं. रताळ्याचा गर या टप्प्यातून जितका सावकाश जाईल तितकं रताळं गोड. चुलीच्या गरम राखेत पुरलेलं रताळं कुकरमधल्यापेक्षा गोड लागतं ते यामुळेच. कुकर त्या टप्प्यातून झरकन पुढे जातो. म्हणून इथे रताळी आधी चिरत नाहीत. धुऊन, पुसून, सालीसकट अखंड, थंड ओव्हनमध्येच ठेवायची आणि १५० अंशांवर ३० मिनिटं लावायची. सुरी अर्ध्यात अडकेल इतपत कच्ची असतानाच काढा, हाताला सोसतील इतकी निवली की साल ओढून काढा आणि अडीच सेंटिमीटरच्या फोडी करा. अशा फोडी पुढे भुगाही होत नाहीत आणि काळ्याही पडत नाहीत.

गाजर लाल, दिल्ली गाजर म्हणतात ते, किंवा केशरी, दोन्ही चालतात, पण दोघांची वागणूक निराळी. लाल गाजरात पाणी जास्त, म्हणून त्याला पाच-सात मिनिटं अधिक लागतात, आणि रंग मात्र झिलईखाली फार देखणा उतरतो. हंगाम सरत आला, म्हणजे फेब्रुवारीच्या शेवटी, की त्याचा मधला पिवळट दांडा लाकडासारखा होतो. तेव्हा गाजर उभं चिरून तो काढून टाका. फोडी तिरक्या, दीड-दोन सेंटिमीटर जाडीच्या. तिघांत गाजर सर्वांत हट्टी, म्हणून त्याच्याच फोडी सर्वांत लहान.

भोपळा उलट. त्याच्या फोडी चांगल्या चार सेंटिमीटरच्या ठेवा आणि साल पातळ असेल तर काढूच नका, सालीमुळे फोड उभी राहते. आख्खा न घेता फाक घेत असाल तर गर गडद केशरी आणि घट्ट आहे ना, नखानं दाबून बघा. फिका, ओलसर भोपळा भाजताना बसतो. डांगर म्हणा, गंगाफळ म्हणा, चिरण्याआधी कच्च्या गराचा एक कण जिभेला लावून बघायची सवय चांगली. क्वचित एखादा भोपळा कडू निघतो. तो थुंकून टाका आणि बाकीचा फेकून द्या, कडू भोपळ्यानं पोट बिघडतं. गूळ घालून तो झाकायचा विषयच नाही.

बीट घालावं का? रंग छान असतो, पण तो सगळ्यांना लावून टाकतो. घालायचंच असेल तर वेगळ्या ट्रेमध्ये भाजा आणि वाढताना मिसळा.

तुपाबद्दल एवढंच की लोणी नको. लोण्यातला दुधाचा अंश दोनशे अंशांवर जळतो, तुपातला तो आधीच निघालेला असतो. तेल वापरायचं तर करडईचं किंवा शेंगदाण्याचं. घाण्याचं कच्च्या वासाचं करडई तेल मात्र इतक्या आचेवर लवकर धुरावतं, ते वरून घ्यायला ठेवा.

रताळी निघाली की ओव्हन २०० अंशांवर न्या. छोट्या ओटीजीला (ओट्यावरच्या घरगुती ओव्हनला) पंधरा मिनिटं तापू द्या, दिवा विझला म्हणजे भिंती तापल्या असं नसतं. गाजराच्या फोडी फडक्यानं कोरड्या करून १ मोठा चमचा तूप आणि थोडं मीठ चोळून ट्रेमध्ये पसरा. ट्रेला बटर पेपर लावलेला बरा, पुढे गूळ चिकटला की घासताना हात दुखतात. पंधरा मिनिटांनी गाजरं उलटा आणि त्यात रताळ्याच्या नि भोपळ्याच्या फोडी, उरलेलं तूप, मीठ, मिरी लावून टाका. पुढे वीस मिनिटं, मधे एकदाच उलटायचं. सारखं हलवलं तर कडा तपकिरी होत नाहीत आणि भोपळा मोडतो.

इथे सर्वांत मोठी चूक गर्दीची. फोडी एकमेकींना चिकटून, थरावर थर असल्या की सुटणारी वाफ आतच राहते आणि वीस मिनिटांनी ट्रेमध्ये पाणी दिसतं. घरगुती ओटीजीच्या एका ट्रेमध्ये पाचशे-सहाशे ग्रॅमपेक्षा जास्त भाजी नीट भाजत नाही. सव्वा किलोसाठी दोन खेपा करा, किंवा दोन ट्रे वर-खाली ठेवून अर्ध्या वेळात त्यांची अदलाबदल करा. मधेच वीज गेली, आणि आपल्याकडे ती जातेच, तर दार उघडू नका. बंद ओव्हनमध्ये दहा-बारा मिनिटं भाजी शिजत राहते. वीज आली की रंगापुरतं पुन्हा लावा.

ओव्हन नसेल तर कढई. बुडाला जाड अशी लोखंडी कढई घ्या, तीनऐवजी चार चमचे तूप, आणि एका खेपेला चारशे ग्रॅमच. इथे रताळी कच्चीच दोन सेंटिमीटरची चिरावी लागतात, म्हणून चिरल्याबरोबर पाण्यात टाका, नाहीतर हवेनं काळी पडतात. भाजायच्या आधी फडक्यावर पूर्ण कोरडी करा. मध्यम आचेवर आधी झाकण ठेवून सहा-सात मिनिटं, मग झाकण काढून दहा मिनिटं, दर दोन-तीन मिनिटांनी उलथन्यानं परतत. झाकणाच्या आतलं पाणी कढईत पडू देऊ नका, झाकण उचलताना तिरकं करून बाहेर ओता. झिलई मात्र लोखंडात करायची नाही. चिंच लोखंडाशी लागली की पाक काळा होतो आणि लोखंडाची चव उतरते. ती स्टीलच्या पातेल्यात करा आणि भाजी परातीत काढून तिच्यावर ओता.

भाजी भाजत असताना झिलई. गूळ चिरून पाण्याबरोबर मंद आचेवर विरघळवा आणि गाळून घ्या. गावठी गुळात चिपाडाचे कण आणि वाळू निघतेच, आणि दाताखाली एक कण आला तरी सगळा घास फुकट. फार पिवळाधमक, चकचकीत गूळ इथे नको. तो रसायनानं रंग उडवलेला असतो आणि चवीलाही पोकळ असतो. तपकिरी गूळ घ्या. काकवी मिळाली तर उत्तम. ती १०० ग्रॅम घ्या आणि पाणी घालू नका.

गाळलेला गूळ पुन्हा आचेवर ठेवून चार-पाच मिनिटं उकळा. आधी फेस येईल, बुडबुडे लहान आणि घाईचे असतील. ते मोठे आणि संथ झाले की चमच्यावरून एक थेंब बशीत टाका. दोन बोटांत धरून उघडलं की एक तार निघून दुसरी निघू बघते, तिथे गॅस बंद. थर्मामीटर असेल तर १०८ अंश. गोळीबंद पाकापर्यंत गेलात तर ताटात भाजीवर चिक्की बसलेली मिळेल. तसं झालंच तर घाबरू नका, दोन चमचे उकळतं पाणी घालून पुन्हा विरघळवा. गार पाणी घातलं तर पाक खडखडीत गोळा होऊन बसतो आणि उडतोही.

गॅस बंद केल्यावरच मोसंबीचा रस, चिंचेचा कोळ, सुंठ, मीठ आणि तूप. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते तिच्या गोडव्यापायी, पण मोसंबीत एक खोड आहे. रस काढून ठेवला किंवा बराच वेळ उकळला की तो कडवट होत जातो. बी चिरडली किंवा सालीखालचा पांढरा भाग रसात गेला की आणखी लवकर. म्हणून रस ऐनवेळी काढा, हातानं हलकेच पिळून, आणि पाकात उकळू नका. सालीचा वरचा पिवळा-हिरवा पापुद्रा पाव चमचा किसून घातला तर वास सुंदर येतो. पांढऱ्यापर्यंत किसू नका.

चिंच कुठली, यावर रंग ठरतो. येळवशीच्या वेळी घरात गेल्या वर्षीची, काळी पडलेली चिंच असते. तिचा कोळ गोडसर आणि गडद असतो, झिलई काकवीच्या रंगाची होते. फेब्रुवारी-मार्चची नवी चिंच लालसर आणि बरीच आंबट असते, तिचा दीड चमचाच घ्या. निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीची चिंच हाताशी असेल, २०२४ मध्ये तिलाही मानांकन मिळालं आहे, तर प्रश्नच मिटला. चिंच इथे नुसती चवीला नाही. आंबटपणामुळे पाक निवल्यावर रवाळ होत नाही, गुळाची पुन्हा साखर बसत नाही.

आता दोन्ही एकत्र. भाजी ओव्हनमधून काढून पाच मिनिटं उघडी ठेवा, आतली वाफ जाऊ द्या. वाफाळत्या भाजीवर पाक घातला की तो पातळ होऊन तळाशी जमतो. मग पाकातला तीन-चतुर्थांश भाग ओता, दोन उलथन्यांनी खालून वर हलकेच हलवा, आणि ओव्हन १८० वर आणून आठ मिनिटं आत ठेवा. चौथ्या मिनिटाला एकदा हलवा. या आठ मिनिटांत ओव्हनसमोरून हलायचं नाही. ट्रेच्या कोपऱ्यातला पाक आधी करपतो, आणि तिथून धुराचा वास आला की उरलेल्या सगळ्याला तो लागतो. ट्रेमधले बुडबुडे जाड झाले, फोडी ओल्या न दिसता चकाकू लागल्या की काढा. लगेच उरलेला पाक घाला, एकदा हलवा, तीळ भुरभुरा. ट्रेमध्येच निवू दिलं तर तळाला चिकटतं, म्हणून रुंद ताटात काढा. कढईवाल्यांनी परातीतल्या भाजीला सगळा पाक एकदमच घालून तीन-चार मिनिटं हलवत राहावं. त्यांची झिलई जरा मऊ राहते, तेवढं चालायचंच.

वाढायची ती वीस-पंचवीस मिनिटांच्या आत. त्यानंतर मीठ आणि साखर भाजीतलं पाणी ओढू लागतात, झिलई उतरते आणि ताटात गोड रस्सा होतो. झाकण ठेवलं तर आणखी लवकर. पंगत लांबणार असेल, आणि सणाच्या घरात ती लांबतेच, तर भाजी सकाळीच भाजून उघडी ठेवा, पाक पातेल्यात वेगळा ठेवा आणि पानं मांडायला घेतली की भाजी दहा मिनिटं गरम करून झिलई चढवा. तीन-चार तास आधी भाजलेलीला काही होत नाही.

येळवशीला शेतात न्यायचं असेल तरी हेच. भाजलेल्या फोडी डब्यात तळाशी जाड कापड घालून, निवल्यावरच भरा, गरम भरल्या तर डब्यात घाम येतो. पाक घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. कोपीपाशी (शेतातल्या कडब्याच्या खोपीपाशी) आंबील-भज्जी ठेवून पूजा होईपर्यंत तीन दगडांच्या चुलीवर परात ठेवून पाक पातळ होईल एवढाच तापवा, त्यात फोडी टाका, पाच मिनिटं. ज्वाळेवर नाही, निखाऱ्यांवर. हाताशी हुरड्यासाठी आणलेली लसणाची चटणी असेल तर तिच्याशी ही भाजी फार जमते.

पन्नास माणसांसाठी सरळ सव्वासहानं गुणू नका. भाज्या आठ किलो बरोबर आहेत, पण गूळ अर्ध्या किलोऐवजी साडेचारशे ग्रॅमच घ्या. मोठ्या परातीत पाक भांड्याला कमी चिकटतो आणि वाटणीला जास्त येतो. पाणी मात्र हिशेबापेक्षा कमीच, अडीचशे मिलिलीटर पुरतं, नाहीतर पाक आटवण्यातच अर्धा तास जातो. आणि आठ किलो घरच्या ओटीजीत भाजत बसण्यापेक्षा नानकटाईचे ट्रे देतो तसे हेही ट्रे बेकरीत द्या. पाव निघाल्यानंतरची उतरती भट्टी रताळ्याला उत्तम. झिलई मात्र घरी.

उपासाला करायची तर साधं मीठ आणि काळा मसाला काढा, सैंधव घाला. गाजर आणि तीळ चालतात की नाही हे घराघरावर आहे. चालत नसतील तर नुसती रताळी एक किलो घ्या, चिंचेऐवजी लिंबाचा रस एक चमचा, आणि वर तिळाऐवजी भाजलेल्या शेंगदाण्याचं जाडसर कूट. महाशिवरात्रीला ही साबुदाण्यापेक्षा पोटाला हलकी पडते.

उरलीच तर दुसऱ्या दिवशी गरम करून वाढू नका, लगदा होतो. भोपळा-रताळी हातानं कुस्करा, गाजराचे तुकडे काढून घ्या. एक वाटी कुस्करलेल्या गराला साधारण सव्वा वाटी कणीक, दोन चमचे बारीक रवा, चिमूट मीठ. पाणी न घालता घट्ट मळा, पंधरा मिनिटं झाकून ठेवा आणि घाऱ्या तळा. गूळ आत आहेच, म्हणून आच मध्यम ठेवा. मोठ्या आचेवर घारी आतून कच्ची आणि बाहेरून काळी निघते.